कापूस कुठी ठेवू? : आमची वाटचाल

आमचे बाबा वाढई. मारेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातले वखर, डवरे, तिफणी त्यांच्याच हातच्या. ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली आणि बाबांकडे दाराच्या चौकटी तेवढ्या उरल्या. मी नागपुरात इंटिरियरचा डिप्लोमा केला, तिथेच एका ऑफिसात चार वर्षं ड्रॉइंग काढली आणि २०१४ साली वणीत दहा बाय बाराच्या गाळ्यात दुकान मांडलं. पाटीवर 'इंटिरियर डिझायनर' वाचून लोक आत यायचे आणि विचारायचे, पडद्याचं कापड काय मीटर?

पहिलं मोठं काम एका कास्तकार काकांच्या नव्या घराचं. समोरच्या खोलीत मी जीव ओतला. पीओपीचं सिलिंग, भिंतभर टीव्ही युनिट. दसऱ्याला वास्तुशांत झाली, सारं गाव पाहून गेलं. डिसेंबरात काकांचा फोन. "बाबू, सारं झकास केलं तुनं, पण कापूस कुठी ठेवू थे सांग."

जाऊन पाहिलं तर तीसेक क्विंटल कापूस त्याच खोलीत, टीव्ही त्याच्या पोटात. भाव चढेपर्यंत आपल्याकडे कापूस घरातच राहतो. त्याच ढिगावर उड्या मारून, अंग खाजवत मी मोठा झालो होतो, अन् नागपूरच्या वर्षांत नेमकं तेच विसरलो. शिवाय कूलरच्या खिडकीला लागून कपाट केलं होतं, तेही साध्या कमर्शियल प्लायचं. दोन उन्हाळे रात्रंदिवस कूलर चालला आणि कडा फुगल्या. कपाट आमच्या खर्चानं बदलून दिलं. बाबा एवढंच म्हणाले, "मले विचारलं असतं तं."

तेव्हापासून पहिल्या भेटीत रंगांचं कार्ड काढतच नाही. कापूस, तूर किती येते, कूलर कोणत्या खिडकीत बसतो, वावरातून आल्यावर पाय कुठे धुता, हे आधी विचारतो. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, नव्या भिंतींना तडे जातात. म्हणून घरानं एक पावसाळा काढल्याशिवाय भिंतीत बसवायची कपाटं आम्ही करत नाही. यात दोन-चार गिऱ्हाइकं दुसरीकडे गेलीही.

डिझायनर शोधणाऱ्यांना माझं सांगणं थोडं धंद्याविरुद्धच आहे. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवता येत नाही. 'इंटिरियर डिझायनर'ला तसं बंधन नाही, उद्या कोणीही पाटी लावू शकतो. मोबाईलमधले फोटो पाहून काम देऊ नका. त्यानं तीन वर्षांपूर्वी केलेलं घर पाहा आणि सिंकखालचं कपाट उघडा. कोटेशनमध्ये नुसतं 'वॉटरप्रूफ प्लाय' लिहिलं असेल तर परत करा. आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराचा प्लाय) की आयएस ७१० (मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा), किती एमएम, हे लिहून घ्या आणि आठ बाय चारची शीट कापण्याआधी तिच्यावरचा शिक्का स्वतः वाचा. स्क्वेअर फुटाचा भाव नुसत्या मजुरीचा की मालासकट, तेही विचारा. यावरून झालेली भांडणं मी इतकी पाहिली की आता कोटेशनच्या पहिल्या ओळीत तेच लिहितो.

आणि कमिशन. सुरुवातीला आम्हीही प्लायच्या दुकानातून घेत होतो. एका मास्तरांनी तीच शीट स्वतः भाव करून घेतली आणि दोन्ही बिलं माझ्या टेबलावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. आता माल गिऱ्हाईक घेतं, आम्ही आमची फी घेतो.

२०२२ मध्ये कापूस क्विंटलला १०,००० च्या वर गेला तेव्हा कामांची रीघ लागली. काकांचाही फोन आला, "मागं वाढवतो, पहिले कापसाची खोली काढ." काढली. ट्रॉली मागे लावून थेट आत ओतता येईल एवढं रुंद दार, आणि आगीच्या भीतीनं आत विजेचा एकही पॉइंट नाही. दार सागवानाचं, बाबांनी केलं. त्याचं बिल त्यांनी माझ्याकडे वेगळं लावलं.