उसवलेला चौकोन

लोकसहभागातून कापडी कलाकृती उभ्या करायचं काम मी बरीच वर्षं करते. चौकात लांबलचक टेबलं मांडायची. येणाऱ्याने घरचं एखादं कापड आणायचं, त्याचा चौकोन करायचा आणि शेजाऱ्याच्या चौकोनाला जोडायचा. नियम एकच: शिवण दोघांनी घालायची, दोन टोकांकडून. सुया मध्ये कुठेतरी भेटतात, तोवर बोलणं सुरू झालेलं असतं. समोरासमोर बसवून ‘आपल्या संस्कृतीबद्दल सांगा’ म्हटलं की माणसं आवरून बसतात. तीच माणसं नजर टाक्यावर असली की मोकळी होतात, आणि गप्प राहिली तरी कुणाला अवघडत नाही.

त्या दिवशी टेबलाभोवती पाच-सहा भाषा होत्या. सकाळी मी चिलीतल्या आर्पियेरांबद्दल, म्हणजे तिथल्या चिंध्यांच्या चित्रांबद्दल सांगितलं. १९७३च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं बेपत्ता झाली, त्या बायकांनी चिंध्या जोडून चित्रं शिवली. काहींनी तर बेपत्ता माणसाच्याच कपड्यांचे तुकडे वापरले. दुभाषी मुलीचं सांगून झालं, तेव्हा टोकाला बसलेल्या एका बाईंनी पिशवीतून गडद निळा तुकडा काढला. कडेने लाल रेशमाचा साखळीटाका, एका बाजूने विरलेला. आईच्या डोक्याच्या रुमालाचा आहे, एवढंच म्हणाल्या.

दुपारी त्या गुणगुणायला लागल्या. ती अंगाई आहे हे कुणी सांगावं लागलं नाही. समोरच्या आजोबांनी खालच्या पट्टीत नुसता हुंकार धरला, पलीकडच्या दोघींनी बोटांनी टेबलावर ठेका. सगळ्यांच्या सुया त्या लयीत चालायला लागल्या. एरवी आमचे टाके वेडेवाकडे असतात. त्या वेळी घातलेले मात्र सारख्या अंतराचे पडलेत, आजही कापडावर बोट ठेवून दाखवता येतात. बाईंना विचारून आम्ही गाणं रेकॉर्ड केलं.

संध्याकाळी आवराआवर चालू असताना त्या बाई दुभाषी मुलीला घेऊन आल्या. “ताई, त्यांना तुकडा परत हवाय. आणि गाणंही कुणाला ऐकवू नका म्हणतात.”

आयोजकांपैकी एकाने संमतीपत्र पुढे केलं: सही आहे, प्रदर्शन तोंडावर आलंय. सही होतीच. पण ती सकाळची होती, आणि मधल्या दिवसात त्या बाईंच्या मनात काय काय जागं झालं हे त्यांनाच ठाऊक. मी गाणं त्यांच्यासमोर पुसलं आणि चारही शेजाऱ्यांना बोलावलं. ज्यांनी शिवलं त्यांनीच उसवायला हवं होतं.

पटकन उरकण्यासारखं ते काम नव्हतं. कापड जुनं, ओढलं असतं तर फाटलं असतं. आजोबा कात्रीच्या टोकाने एकेक टाका उचलून कापत होते, लाल रेशमाला धक्का न लावता. बाई शेजारी उभं राहून सुटे दोरे वेचत होत्या. कारण त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. तुकडा हातात आल्यावर त्यांनी आजोबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि निघून गेल्या.

रिकाम्या जागी साधं कापड लावा, असा आग्रह झाला. मी ठाम नकार दिला. चारही शेजाऱ्यांनी आपापल्या कडा दुमडून हेम घातली आणि कापड त्या भोकासकट टांगलं. त्या बाई आमच्यात बसल्या, गायल्या आणि नको म्हणाल्या, हे सगळंच त्या कामात घडलं होतं. वरून ठिगळ लावलं असतं तर त्यांचं ‘नको’ तेवढं झाकलं गेलं असतं.

आता मी कापडाची रचनाच बदलली आहे. एड्सने गेलेल्या माणसांच्या आठवणीत शिवलेल्या, १९८७मध्ये पहिल्यांदा मांडलेल्या एड्स स्मृती-गोधडीत ३ बाय ६ फुटांचे ८ तुकडे जोडून १२ फुटांचा एकेक चौरस होतो. तसे छोटे गट आम्ही करतो, म्हणजे एक तुकडा निघाला तरी बाकीचं कापड हलत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत फक्त कच्चा धावदोरा घालतो, गाठी वरच्या अंगाला ठेवतो. पक्की टीप मारण्याआधी प्रत्येकाला पुन्हा विचारतो.