तुम्ही विचारलंत म्हणून: तो गुडघा आणि तो खांदा

गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत विचारलंत, कोजागिरीला विचारलंत, परवा तर पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवर टकटक करून विचारलंत. "वहिनी, वीस वर्षं झाली त्या गुडघ्याला. अजून किती उगाळणार?" दर वेळी मी "चालायचंच" म्हणून हसले आणि हातातला डबा पुढे केला. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या गणपतीत मला निवांत भाजी वाढता येईल.

सिनसिनाटीत राहणाऱ्यांना बेंगाल्स म्हणजे कोण, आणि सोमवारी सकाळी अर्धं गाव तोंड पाडून का फिरतं, हे सांगायला नको. सांगलीहून वाचणाऱ्या माझ्या नणंदेसाठी एवढंच, की बेंगाल्स ही आमच्या गावाची अमेरिकन फुटबॉलची टीम, या खेळात जवळजवळ प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुटते तो क्वार्टरबॅक, चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, प्लेऑफ म्हणजे हरलात की सीझन संपला, आणि सुपर बोल म्हणजे फायनल.

आणखी एक. "ह्यांच्यामुळे नाद लागला असेल" असं तुम्ही परस्पर ठरवून टाकता, ते चूक. ह्यांना क्रिकेटपलीकडे काही दिसत नाही. मला नाद लावला तो एका पेशंटने. मी फिजिओ आहे, दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे हेच काम. इथे आल्यावर पहिल्या काही वर्षांतच हे आजोबा आले. गुडघा बदललेला. तो वाकवून नव्वद अंशांच्या पुढे न्यायचा म्हणजे भले भले ओरडतात. आजोबा ओरडायचे नाहीत, बेंगाल्स कसे कसे हरले ते सांगायचे. १९८२ ची सुपर बोल, फोर्टी नाइनर्सकडून २६-२१. १९८९ ची, पुन्हा तेच फोर्टी नाइनर्स, २०-१६. शेवटची सव्वातीन मिनिटं, त्यांचा क्वार्टरबॅक जो मॉन्टानापुढे ९२ यार्ड, आणि ३४ सेकंद राहिलेले असताना टचडाउन. त्याच मॅचच्या सुरुवातीला आपल्या टिम क्रमरीच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, तरी गडी लगेच हॉस्पिटलात जायला तयार नव्हता, हे सांगताना आजोबा आपोआप आणखी पाच अंश वाकू द्यायचे.

आजोबा अस्सल जुन्या सिनसिनाटीचे. नीट ऐकू आलं नाही की इथली जुनी माणसं "प्लीज?" म्हणतात, तुम्हाला माहीत आहेच. मला तेव्हा माहीत नव्हतं. मी "दुखतंय का?" विचारायची, ते "प्लीज?" म्हणायचे, आणि मी घाबरून हात काढून घ्यायची. माणूस दयेची भीक मागतोय असं वाटायचं.

तर गुडघा. ८ जानेवारी २००६, रविवार. पंधरा वर्षांनी आमची पहिली प्लेऑफ, घरच्या मैदानावर, पिट्सबर्ग स्टीलर्सशी. आमचा क्वार्टरबॅक कार्सन पामर याने त्या सीझनला ३२ टचडाउन पास टाकले होते, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. सासूबाई सांगलीहून आलेल्या. ओट्यावर मंडळाच्या संक्रांतीसाठी वड्यांचा पाक. "गोळीबंद होईस्तोवर हात थांबवू नकोस," असं त्या सांगत होत्या आणि मी एक डोळा टीव्हीवर ठेवून ढवळत होते. आमची दुसरीच चाल. पामरने चेंडू सोडला, ६६ यार्ड, क्रिस हेन्रीने झेलला. अख्खं स्टेडियम चेंडूकडे बघत होतं. मी पायाकडे. धंद्याची खोड, दुसरं काय. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा सगळा भार शेवटी पुढच्या डाव्या पायावर येतो. पाय असा रोवलेला असताना बाजूने माणूस येऊन आदळला, तर सुटायला वाव नसतो. स्टीलर्सचा किमो व्हॉन ओल्हॉफेन नेमका तिथेच आदळला. रीप्ले दाखवायच्या आधी मी म्हटलं, "गेला." लिगामेंट एक नाही, दोन.

सासूबाई उठून टीव्हीजवळ गेल्या. "अगं, त्याच्या आईला कळवलं का कोणी?"

पाकाचा दगड झाला. पातेलं टाकून द्यावं लागलं.

मध्यंतराला आपण १७-१४ असे पुढे होतो, हे कोणी लक्षात ठेवत नाही. बदली आलेला जॉन किटना जमेल तेवढं लढला. शेवटी ३१-१७ हरलो, आणि महिन्याभरात स्टीलर्स सुपर बोल जिंकून मोकळे झाले. पुढच्या सीझनला क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर जाण्याबद्दलचा नियम कडक झाला. मग २००८ मध्ये टॉम ब्रेडी या दुसऱ्या टीमच्या नावाजलेल्या क्वार्टरबॅकचा गुडघा गेला आणि नियम आणखी कडक झाला. म्हणजे आमच्या गुडघ्याला अर्धा नियम, ब्रेडीच्या गुडघ्याला उरलेला अर्धा. असो.

त्या वर्षी मी मंडळात काय काय बोलले, ते तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. मुद्दाम केलं. ओल्हॉफेन आधी आमच्याकडेच खेळलेला, म्हणजे घरभेदी. पेनल्टीसुद्धा दिली नाही, म्हणजे पंचही सामील. तेव्हाच्या मला आज सांगायला जावं, की बाई, मी ती चाल किती वेळा बघितली आहे, त्याला आपलाच गडी ढकलत होता, तो पडता पडता आला. तर ती ऐकणार नाही. "पडता पडता माणूस हात टेकतो, खांदा पुढे करत नाही," असं म्हणेल. आणि तिचं सगळंच चुकतंय असं मला अजूनही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण तुम्ही गुडघ्याबद्दल विचारता आणि मी गुडघ्याबद्दलच बोलते, यात माझी सोय आहे. गुडघ्याच्या गोष्टीत आपण सोसणारे. दुसरी गोष्ट खांद्याची आहे, ती मी कोणाला सांगितलेली नाही.

९ जानेवारी २०१६, शनिवार रात्र. पुन्हा प्लेऑफ, पुन्हा स्टीलर्स, पुन्हा आपलं मैदान. महिन्याभरापूर्वी याच स्टीलर्सशी खेळताना आपला क्वार्टरबॅक अँडी डाल्टनचा उजवा अंगठा मोडलेला, म्हणून एजे मॅकॅरन हा दुसऱ्या फळीतला पोरगा उतरणार होता. आजोबांना आता स्टेडियमच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. त्यांनी आपली दोन तिकिटं मला दिली. "पोराला घेऊन जा. त्याला पहिला विजय बघू दे." १९९१ च्या जानेवारीनंतर आपण प्लेऑफची एकही मॅच जिंकलेलो नव्हतो. मुलगा बारा वर्षांचा होता.

पाऊस. रेनकोटाच्या आत स्वेटर, हातात लोकरीचे मोजे, तेही ओले. चारपैकी तीन डाव संपत आले तरी आपला भोपळा फुटलेला नव्हता, ते १५. आजूबाजूची माणसं गरम झाली होती. थोड्या वेळापूर्वी आपल्या जोव्हानी बर्नार्डला स्टीलर्सच्या रायन शेझियरने डोकं खाली घालून असा हाणला होता की तो उठेना, आणि पंचांनी पेनल्टी दिली नाही. हे मी सबब म्हणून सांगतेय का? सांगतेय.

आणि मग आपल्या बर्फिक्टने बेन रोथलिसबर्गरला आडवा केला. स्टीलर्सचा क्वार्टरबॅक, दहा-बारा वर्षं आमच्या छातीवर बसलेला. तो उठला नाही. डाव्या हाताने उजवा दंड छातीशी धरून पडून होता. एवढ्या लांबून, पावसातून, मला कळलं. खांदा. फेकायचा हात. माझ्याकडे रोज येतात अशी माणसं, शर्टाचं बटण लावायला बायकोला हाक मारणारी. रात्री कुशीवर वळता येत नाही, ते किती महिने, हे मला ठाऊक आहे. हे सगळं ठाऊक असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता याला लांब फेकता येणार नाही.

मी टाळ्या वाजवल्या.

पासष्ट हजारांच्या त्या ओरड्यात ओल्या मोज्यांचा आवाज तो किती येणार. माझा मलाच ऐकू आला नाही. त्याला गाडीवर घालून नेताना वरून बाटल्या आल्या. त्या मी फेकल्या नाहीत, हे इथे नोंदवून ठेवते. नोंदवावंसं वाटतं, यातच काय ते आलं. माझ्याकडे बघून मुलानेही टाळ्या वाजवल्या. का वाजवायच्या हे त्याला नीट कळलंही नव्हतं. आई वाजवतेय म्हणून. मग त्याने विचारलं, "आई, ही इज हर्ट, राइट?" मी म्हटलं, "पुढे बघ."

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे, आणि तेवढंच तुम्ही मला विचारता. शेवटच्या डावात आपण १६ पॉइंट केले. १६-१५. दीड मिनिट राहिलेलं आणि बर्फिक्टनेच चेंडू पळवला. आता नुसतं सांभाळून पडून राहायचं होतं. जेरेमी हिल पहिल्याच चालीत धावला आणि शेझियरने चेंडू हातातून उपटला. रोथलिसबर्गर परत आला. लांब फेकता येत नव्हतंच, माझं निदान बरोबर होतं. आखूड आखूड पास टाकत तो पुढे सरकत राहिला. मग बर्फिक्टने स्टीलर्सच्या अँटोनियो ब्राउनच्या डोक्यावर घाव घातला, त्याचा दंड म्हणून त्यांना फुकटचे १५ यार्ड. त्यावरून जुंपलेल्या भांडणात आपल्याच पॅकमॅन जोन्सने आणखी १५ यार्ड बहाल केले. त्यांच्या बॉसवेलने ३५ यार्डांची किक घातली, १४ सेकंद राहिलेले. १८-१६.

पुढच्या रविवारी हळदीकुंकवाला मी केवढ्यांदा बोलत होते, आठवतं? शिस्त नाही, संस्कार नाहीत, असले गुंड टीममध्ये ठेवूच नयेत. ब्राउन डोक्याच्या त्या मारामुळे पुढची मॅच खेळू शकला नाही, हेही मीच सांगत होते. तुम्ही म्हणालात, वहिनींना किती लागलंय बघा. लागलं होतं. पण ज्याला तुम्ही राग समजलात, त्यातला बराचसा बर्फिक्टवरचा नव्हता.

पुढचं भरभर सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये आपल्याच मैदानावर शेझियर टॅकल करून पडला आणि त्याचे पाय हलेनात. पाठीचा कणा. मी घरी टीव्हीसमोर होते, आणि मांडीखाली हात दाबून बसले, कोणी बघत नसताना. २०२० मध्ये आपला नवा क्वार्टरबॅक जो बरो आला आणि त्याच नोव्हेंबरात त्याचा डावा गुडघा गेला. मुलगा म्हणाला, "आई, तू बघू नकोस." मी बघितलंच. पुढच्या सीझनला तोच बरो आपल्याला सुपर बोलला घेऊन गेला. ३१ वर्षांनी प्लेऑफ जिंकलो तेव्हा मी देव पाण्यात घालून बसले होते, खरोखरचे, तांब्याच्या घंगाळात. फायनलच्या दिवशीही घातले होते. रॅम्स २३, आपण २०. त्यानंतरच्या वर्षी कॅन्सस सिटीत पुन्हा २३-२० हरलो, आपल्या ओसाईने त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्सला रेषेबाहेर ढकलला म्हणून. मग बरोचं मनगट, मग पायाचा अंगठा. एका माणसाच्या शरीराची अशी यादी माझ्याकडे पेशंटच्या फायलीतही नसेल.

आणि २ जानेवारी २०२३ ची रात्र. बफलोचा डमार हॅमलिन आपल्या मैदानावर कोसळला, हृदय थांबलं, तिथेच सीपीआर दिला. स्टेडियम गप्प. मॅच पुढे झालीच नाही. लोक हॉस्पिटलबाहेर थंडीत प्रार्थना करत उभे राहिले, आणि देशभर बोललं गेलं की सिनसिनाटीची माणसं किती चांगली. चांगली आहेतच. ती मैदानातली माणसं त्यातलीच, २०१६ मधलीही त्यातलीच. मला अजून हा हिशेब लागत नाही. हॅमलिन आपला नव्हता तरी आपण रडलो, मग रोथलिसबर्गरने काय घोडं मारलं होतं? "जिवावरचं आणि खांद्यावरचं यात फरक असतो," असं हे म्हणतात. असेल. यांना मी फक्त एवढंच सांगितलंय, की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एक राहिलं. त्या हरलेल्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी तिकिटांबद्दल आभार मानायला मी आजोबांना फोन केला. ते मॅचबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "त्या पोराला गाडीवरून नेत होते तेव्हाचा आवाज टीव्हीवर आला. चाळीस वर्षं त्या सीटवर बसतोय, आमच्या आसपास असली माणसं नसायची. काल होती का?"

मी म्हटलं, "नाही. आपल्या बाजूला कोणी नव्हतं."

पलीकडे थोडा वेळ शांत. मग आवाज आला, "प्लीज?"

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. आपल्या बाजूला कोणी नव्हतं.