दोन नळ्या, एकच खत

त्या दिवशी प्रयोगशाळेत माझ्यासमोर मातीचे दोन नमुने होते. एक नेदरलँड्सच्या ब्राबांट प्रांतातली काळपट वाळू, दुसरी मेघालयाच्या री-भोई जिल्ह्यातली तांबडी माती. बाहेरची माती युरोपात आणायला खास परवानगी लागते. ते पत्र हातात पडायलाच काही महिने गेले होते. दोन्ही शेतांना वर्षानुवर्षं डुकरांचं खत मिळालेलं. पिकाला घेता येईल असा स्फुरद (फॉस्फरस) कुठे किती आहे, एवढंच मला पाहायचं होतं.

दोन्ही माती आम्लधर्मी, म्हणून अशा मातीतला स्फुरद मोजायची ब्रे पद्धत घेतली. माती चाळली, तोलली, द्रावणात हलवून गाळली. मग अर्कात मॉलिब्डेट घातलं आणि थांबलो. जितका स्फुरद, तितका गडद निळा रंग. मेघालयाची नळी पाण्यासारखीच राहिली. मागे पांढरा कागद धरला तेव्हा कुठे आकाशी झाक दिसली. ब्राबांटची नळी मात्र शाईची दौत झाली. यंत्राला वाचता येईना. दहापट पातळ केली, तरी रंग ठसठशीत!

गंमत अशी की, दोन्हीकडे रसायनशास्त्र एकच. मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं. मेघालयात ही पकड इतकी घट्ट की मुळांच्या वाट्याला फार थोडं येतं. ब्राबांटच्या वाळूत धरायच्या जागाच भरत आल्यात, त्यामुळे जास्तीचा स्फुरद पावसाच्या पाण्याबरोबर चरांत उतरतो आणि तिथे शेवाळ माजतं.

एवढा स्फुरद आला कुठून? बराचसा जहाजाने. दक्षिण अमेरिकेतलं सोयाबीन इथल्या बंदरात उतरतं, डुकरांच्या पोटातून जातं आणि उरलेलं याच जमिनीवर पडतं. 2019 च्या पशुगणनेत अख्ख्या भारतात 90 लाखांच्या आसपास डुकरं होती. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहून लहान असलेल्या या नेदरलँड्समध्ये सव्वा कोटीच्या घरात!

म्हणून इथे नियम कडक आहेत. जनावरांच्या खतातून नत्र (नायट्रोजन) हेक्टरी जास्तीत जास्त 170 किलो. स्फुरदाने भरलेल्या शेतात फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं संयुग, अवघं 40 किलो. उरलेलं टँकरने बाहेर न्यायला डुक्करपालक पदरचे पैसे मोजतो. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे शेणखताची ट्रॉली मिळवायला ओळखी काढाव्या लागतात. खत घेणाऱ्यालाच पैसे मिळतात हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली होती.

दुपारी ब्राबांटचा शेतकरी अहवाल न्यायला आला. मी त्याला दोन्ही नळ्या दाखवल्या. मेघालयाची माती एका खासी बाईच्या शेतातली, हेही सांगितलं.

"हिच्याकडे किती डुकरं?"

"दोन."

मग मी त्याला त्या काँगबद्दल सांगितलं. मेघालयातले खासी लोक थोरल्या बाईला आदराने काँग म्हणतात. गोठ्यातलं खत ती पालापाचोळा घालून कुजवते, पावसाने वाहून जाऊ नये म्हणून वर पत्रा टाकते. मग खोह नावाच्या निमुळत्या टोपलीत भरून, टोपलीचा पट्टा कपाळाला लावून उतारावरच्या शेतात नेते आणि बटाट्याच्या प्रत्येक बेण्याशी मूठभर ठेवते. शेतभर पसरलं तर मातीच गिळून टाकेल. मुळाशी दिलं तरच पिकाला लागतं. हे तिला कुठल्याही प्रयोगशाळेने शिकवलेलं नाही. हिशेब तिच्या हातात आहे.

"माझा एक टँकर तिला किती वर्षं पुरेल?" त्याने विचारलं.

"टँकरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं," मी म्हटलं. "इतक्या लांब पाणी कोण वाहणार?"

मेघालयाची नळी खिडकीच्या उजेडात धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग शेतकऱ्याचा खरा प्रश्न आला. "तिला चुना मिळतो का?"

चुन्याने मातीचा आम्लपणा उतरतो आणि स्फुरदावरची पकड सैल होते. मेघालयात चुनखडीचे डोंगर आहेत, मी सांगितलं. पण त्या उतारावर चुन्याचं पोतंसुद्धा पाठीवरूनच चढवावं लागतं.