मुलांना हाताशी घेऊन केलेले गोड आप्पे

सुट्टीच्या दिवशी मुलांच्या मदतीने नाश्ता करायचा, तर त्यांच्या हळू हातांनी बिघडणार नाही असा पदार्थ हवा. शिरा त्या कामाचा नाही. रवा परतायचा, त्यावर आधणाचं पाणी ओतायचं, गुठळ्या मोडायच्या, सगळं गॅसपाशी आणि घाईत. घावनातही खरी गंमत तव्यावरच असते. केळं-गुळाचे आप्पे मात्र तीन-चतुर्थांश तरी जमिनीवर बसून होतात, आणि रवा जितका वेळ भिजेल तितका बराच. मी ते साडेतीन आणि सहा वर्षांच्या मुलांबरोबर करते. आता बसलेली पद्धत अशी.

प्रमाण 150 मिलीच्या आमटीच्या वाटीने: बारीक रवा 1 वाटी, चिरलेला गूळ अर्धी वाटी, कोमट पाणी पाऊण वाटी, पूर्ण पिकलेलं मोठं केळं 1 (वेलची केळी असतील तर 3), ओलं खोबरं पाव वाटी, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ, खायचा सोडा आणि तूप. सात खळग्यांच्या आप्पेपात्रात याचे साधारण तीन घाणे निघतात.

रवा आदल्या रात्री मंद आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडाच भाजून ठेवते. रंग बदलू द्यायचा नाही, हाताला गरम आणि सुटा लागला की पुरे. कच्च्या रव्याचे आप्पे आतून चिकट होतात, आणि केळं असल्यावर तो चिकटपणा जास्तच जाणवतो. सकाळी मुलं जमली असताना भाजणं नको.

सकाळी खाली मोठी परात ठेवायची आणि सगळी भांडी परातीत. सांडलेलं परातीतच राहतं, त्यामुळे कुणाला रागवावं लागत नाही.

गूळ विरघळवण्याचं काम धाकट्याचं. पाणी कोमटच हवं, बोट बुडवून सहज धरता येईल इतकं. गुळाचा उकळता पाक त्वचेला चिकटून बसतो, साध्या गरम पाण्यासारखा निथळत नाही. म्हणून मुलं आसपास असताना मी पाक करतच नाही. कोमट पाण्यात बारीक चिरलेला गूळ विरघळायला सहा-सात मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ चमचा फिरवायला त्या वयात कंटाळा येत नाही. मग पाणी गाळून घ्यायचं. गाळण्यात उसाचे तंतू, काळे कण, कधी एखादा खडा उरतो. तो मुलांना हातात घेऊन बघू द्यावा. गूळ कशापासून होतो हे वेगळं सांगावं लागत नाही. दूध घालायचा मोह इथे टाळावा. कोमट दुधात गूळ घातला की ते फाटू शकतं. दुधाची चव हवीच असेल तर नारळाचं दूध वापरावं.

केळं कुस्करायला काटा नको, हातच बरे. थोरल्याने रवा मोजायचा, वाटी बोटाने सपाट करून. मग रवा, गुळाचं पाणी, केळं, खोबरं, मीठ, वेलदोडा एकत्र करून पंचवीस मिनिटं झाकून ठेवायचं. इतक्या वेळात हात धुणं, कपडे बदलणं, परात पुसणं होतं. झाकण काढल्यावर पीठ घट्ट झालेलं दिसतं, कारण रव्याने पाणी ओढून घेतलेलं असतं. तेव्हा चमच्या-चमच्याने पाणी घालत इडलीच्या पिठाइतकं सैल करावं, साधारण पाव वाटी लागतं. ते आधीच घातलं तर केळ्याच्या आकारावरून अंदाज चुकतो.

आता सोडा. सोडा घातल्यावर पीठ थांबत नाही, म्हणून पिठाचे दोन भाग करते. मुलांच्या वाडग्यात एका घाण्यापुरतं, बाकीचं माझ्याकडे. मुलांच्या वाडग्यात एकच चिमूट, माझ्यात नंतर, पात्र तापल्यावर, दोन चिमटी. जास्त सोड्याने आप्पे काळपट होतात आणि साबणासारखी चव येते. मोजणं मुलांकडे असलं तरी ही चिमूट मोठ्या माणसाची.

पहिला घाणा मुलांचा. नॉनस्टिक पात्र थंड असतानाच खाली ठेवायचं, प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तूप, बोटाने कडेपर्यंत फिरवलेलं, मग पीठ पाऊण खळगाच भरायचं. काठोकाठ भरलं तर फुगून शेजारच्याला चिकटतं. भरलेलं पात्र मी उचलून गॅसवर ठेवते आणि तिथून पुढे मुलं ओट्यापासून चार पावलं लांब. बिडाच्या पात्रात हे चालत नाही. ते आधी नीट तापलं नाही तर आप्पे तळाला बसतात. त्यामुळे बीड असेल तर भरण्याचं काम सगळं आपणच करावं.

लहान शेगडी, मंद आच, वर झाकण. गॅस मोठा केला की गूळ तळाला करपतो आणि मध्ये रवा कच्चा राहतो. गोड आप्प्यांचे बहुतेक अपघात एवढ्याच कारणाने होतात. गूळ अर्ध्या वाटीहून वाढवला तरी तेच. चार-पाच मिनिटांनी वरची चकाकी जाते, कड कोरडी होऊन खळग्यापासून सुटते. तेव्हा विणायच्या सुईने किंवा लाकडी काडीने कडेला टोचून उलटायचं. मधला आप्पा सगळ्यात आधी, कारण ज्योत त्याच्याखाली असते. ओला असताना उलटला तर दोन तुकडे होतात. दुसरी बाजू तीन मिनिटं, झाकणाशिवाय. पुढचे घाणे तापलेल्या पात्रात माझे मीच घालते.

ताटात आलेला आप्पा लगेच हातात देऊ नये. वरून कोमट वाटतो, आत केळ्याची वाफ कोंडलेली असते. दोन भाग करून पाच मिनिटं ठेवावा. काजू-बदाम घालायचे तर पूड करूनच, पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खे दाणे अडकू शकतात.

पीठ उरलं तर सोडा न घातलेलंच फ्रिजमध्ये ठेवावं, संध्याकाळपर्यंत चांगलं राहतं. केळ्यामुळे वरून काळसर पडतं, ढवळलं की दिसत नाही. केलेले आप्पे गार झाल्यावर घट्ट होतात. डब्यात द्यायचे असतील तर पीठ सैल करताना एक चमचा तूप पिठातच घालावं.