पगची घरघर आणि कोकणातली दमट हवा

पग या चपट्या नाकाच्या कुत्र्याचं घोरणं गोंडस वाटतं, पण तो श्वासातला अडथळा असतो. पैदाशीतून कवटी आखूड झाली, आतलं मांस मात्र तेवढंच राहिलं. म्हणून नाकपुड्या चिमटलेल्या आणि मऊ टाळू श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबणारी. कुत्रा धापा टाकून, जिभेवरची लाळ वाळवून अंग गार करतो. मे महिन्यात रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत ती नीट वाळतच नाही. मग धापा वाढतात, घसा सुजतो, वाट आणखी अरुंद होते.

फिरवणं सकाळी ७ च्या आत, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा. वजन तर फारच महत्त्वाचं: बरगड्या हाताला लागल्याच पाहिजेत, भातावर तूप नकोच. हिरड्या निळसर दिसल्या तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, लगेच डॉक्टर गाठा. तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.