भंगारातली लेस्नी

आज बाजाराच्या दिवशी भंगाराच्या दुकानात थांबलो होतो, मोटरपंपाचा व्हॉल्व्ह भेटते का पाहायला. लोखंडाच्या ढिगात बोटाएवढी एक गाडी. रंग उडालेला, एक दार गायब. पालथी करून थुंकी लावून पुसली. पोटावर अक्षरं उमटली: मॅचबॉक्स, मेड इन इंग्लंड, लेस्नी.

हात थरथरला राव!

मॅचबॉक्सच्या खेळण्यातल्या गाड्या बनवणारी लेस्नी कंपनी १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली, मग उत्पादन मकावला हललं. ही त्याच्या आधीची. चाकं मात्र पातळ, सरसर पळणारी. १९६८ मध्ये हॉट व्हील्स ह्या दुसऱ्या कंपनीच्या छोट्या गाड्या आल्या आणि त्यांच्या वेगापुढे टिकायला लेस्नीनं १९६९ पासून ही 'सुपरफास्ट' चाकं लावली. इंग्लंडची गाडी आमच्या तालुक्याच्या भंगारात कोणत्या वाटेनं आली, देव जाणे.

"भाऊ, हे मोडकं कायले नेता?" दुकानदार हसला. पैसे घेत नव्हता, दहाची नोट ठेवलीच. व्हॉल्व्ह राहिलाच.

घरी आई म्हणाली, "पोट्टा झाला का रे तू परत?" तिला माझ्या गॅलेक्सी एक्सप्लोररची, म्हणजे लेगोचे तुकडे जोडून बनवायच्या अंतराळयानाची किंमत मी अजून सांगितलेली नाही. १९७९ च्या यानाची २०२२ ची आवृत्ती, १२५४ तुकडे.

पोरगं रंगाचा डबा घेऊन आलं. खबरदार म्हटलं, जुन्या गाडीला नवा रंग लावत नसतात. रुसला. थोड्या वेळानं पाहतो तर त्याच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीवर माझा लेगोचा अंतराळवीर बसलेला, अन् नंदीला सुतळीनं बांधलेली लेस्नी, अंगणभर फरफटत.