तानपुरा आईचा, दावा भलत्याचा

‘तुमच्या व्हिडिओत कॉपीराइट असलेला आशय आढळला आहे.’ रात्री साडेअकराला ही मेल वाचली आणि पहिला विचार आला, आता कुकरच्या शिट्टीवर कुणाचा हक्क निघाला?

कारण माझ्या सहा मिनिटांच्या त्या ॲम्बियंट, म्हणजे मागे वातावरणासारख्या वाजत राहणाऱ्या, ट्रॅकमध्ये आमच्या घराबाहेरचं काहीच नव्हतं. आई सकाळी रियाजाला बसायची तेव्हा जे ऐकू यायचं तेवढंच: तिच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा सूर, पंख्याची कटकट, कुकर. शिट्टीचा वेग पाव केला की ती दोन सप्तकं खाली उतरते आणि थेट बोटीचा भोंगा होते. बाबा मर्चंट नेव्हीत होते. मी हे शोधायला गेलो नव्हतो, पण सापडल्यावर काढवेना. तीन तुकडे केले, 17, 23 आणि 29 सेकंदांचे, आणि आपापले फिरत सोडले. तिघं पुन्हा एकत्र सुरू व्हायला तीन तास नऊ मिनिटं लागतात, त्यामुळे सहा मिनिटांत तीच जुळणी परत येत नाही. युक्ती माझी नाही. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने 1978 च्या विमानतळासाठीच्या संगीतात टेपची वेटोळी अशीच कमीजास्त लांबीची ठेवली होती.

हे सगळं दोन रविवारांत झालं. अडलं ते यूट्यूबवर अपलोड केल्यावर.

दावा होता चाळिसाव्या सेकंदापासून शेवटपर्यंत, कुठल्याशा ध्यानसंगीताच्या अल्बमचा. तो ऐकला. आमचाच तानपुरा! म्हणजे तसलीच इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी, तीच काळी चारची पट्टी, तोच वेग. पेटीचा आवाज घरोघरी सारखाच. यंत्र फक्त आवाजाचा ठसा जुळवतं, पेटी कुणाच्या कपाटावर आहे ते त्याला काय कळणार! त्या भल्या माणसाने अल्बम ओळख-यंत्रणेत नोंदवला आणि काळी चारात गाणाऱ्या निम्म्या बायकांवर हक्क सांगून बसला.

आक्षेपाच्या फॉर्ममध्ये ठरावीक कारणं. ‘पेटीच तशी आहे’ हे त्यात नाही. ‘आशय माझाच’ निवडलं आणि खालच्या चौकटीत सगळं रामायण लिहिलं. समोरच्याला उत्तराला 30 दिवस. मी रोज चहाआधी मेल उघडायचो. आईला सांगितलं तर म्हणाली, “अरे, दावा पंचमावर लावलाय की षड्जावर?”

(कुकर रेकॉर्ड करणार असाल तर मोबाइल हातभर लांब आणि तिरका ठेवा. समोर ठेवला की शिट्टी फाटते. माझ्या तीन शिट्ट्या वाया गेल्या आणि डाळीचा लगदा झाला तो वेगळाच.)

विसाव्या दिवशी धीर सुटला. आईच्या गुरुभगिनीकडे मिरजेचा तानपुरा आहे, तो रेकॉर्ड करायला गेलो. 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं ते या मिरजेच्या तानपुऱ्यांनाच. मावशींनी घोडीवर तारांखाली सुताचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारांचा झणकार, लावायला घेतली. दोरा केसभर हलला की सूर बसायचा, परत हलला की झणकारत उठायचा. पाऊण तास मी नुसता तो दोरा बघत होतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच लागेल याची त्यांनाही खात्री नव्हती. हा ठसा जुळवून दाखव म्हणावं यंत्राला.

आणि तिसाव्या दिवशी दावा आपोआप सुटला. समोरून उत्तरच आलं नव्हतं. ना कारण, ना दिलगिरी. तरी मूळ रेकॉर्डिंगची फाइल कधी पुसू नका, पुढे अपिलात गेलात तर तुमच्याकडे दाखवायला तेवढीच असते. आणि फुकटचे तयार लूप वापरले असतील तर आपला ट्रॅक त्या ओळख-यंत्रणेत नोंदवू नका, नाहीतर उद्या दुसऱ्याच्या घरी अशीच मेल जाईल.

मिरजेच्या तानपुऱ्याचा ट्रॅक फार श्रीमंत वाजतो. पण आमचं घर तसं वाजत नव्हतं. पेटीचाच ठेवला.

आईला ऐकवला तेव्हा चौथ्या मिनिटाला तिने डोळे उघडले. “बोटीचा आवाज कुठून मिळाला रे तुला?” कुकर आहे म्हटलं, तर विश्वासच बसेना.